थुवालच्या पाण्याखाली एक शनिवार

(मंडळाच्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'सागरतळाचे अनुभवकथन' असं काहीतरी भारदस्त छापलंय. ते वाचून मघाशी एका काकूंनी विचारलं, "तू नेव्हीत होतास का रे?" नाही काकू. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. लोकांचे सर्व्हर रात्री बंद पडू नयेत म्हणून आपण जागायचं, हा माझा व्यवसाय. मला पंचवीस मिनिटं दिली आहेत, आणि त्यानंतर मिसळ आहे याची मला पूर्ण जाणीव आहे.

सुरुवातीला एक छोटी शिरगणती करू. इथे पाच वर्षांपेक्षा जास्त काळ या किनाऱ्यावर राहिलेले किती जण आहेत? हात वर करा. वा, जवळजवळ सगळेच. आता त्यातल्या किती जणांनी तांबड्या समुद्रात एकदा तरी चष्मा लावून डोकं पाण्याखाली घातलंय? ... एक, दोन, तीन. आणि तिसरा हात माझ्या मुलीचा आहे.

हेच मला अपेक्षित होतं. आपण कॉर्निशवर जातो, भेळ खातो, फोटो काढतो आणि परत येतो. जगभरचे लोक पैसे साठवून ज्या समुद्रात बुडी मारायला येतात, तो आपल्या पार्किंगपासून वीस पावलांवर असतो आणि आपल्याला तो फक्त वरून दिसतो, म्हणजे निळा. त्या निळ्याच्या खाली काय आहे ते सांगायला मी उभा आहे. निमित्त आहे गेल्या मार्चमधल्या एका शनिवारचं.

थुवाल तुम्हाला ऐकून माहीत असेल. जेद्दाहून उत्तरेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचं मूळचं कोळ्यांचं गाव. २००९ साली सप्टेंबरमध्ये तिथे किंग अब्दुल्ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठ सुरू झालं आणि गावाचं नाव जगाच्या नकाशावर आलं. विद्यापीठात तांबड्या समुद्राचा अभ्यास करणारं मोठं केंद्र आहे. गावासमोर समुद्रात प्रवाळांच्या भिंतीच भिंती आहेत. अरबीत अशा भिंतीला 'शिअब' म्हणतात. काही किनाऱ्याला लागून, काही मध्ये, काही पार लांब, जिथून तळ एकदम खाली सुटतो.

आम्ही पाच जण होतो. एक मी. दुसरे पुण्याचे एक जोडपं: वहिनी डॉक्टर आणि उत्तम पोहणाऱ्या, भाऊ मात्र बादलीपेक्षा खोल पाण्यात न उतरणारे. पण डबे सांभाळायला जबाबदार माणूस लागतोच. चौथी त्या विद्यापीठात प्रवाळांवर संशोधन करणारी एक मराठी मुलगी. आणि पाचवा माझा मालवणचा मित्र. तो इथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात मेकॅनिकल इंजिनिअर. "पाण्यातला मीठ काढूचा, होच माझो धंदो," असं तो स्वतःची ओळख करून देताना सांगतो. अकरा वर्षं झाली, आता फायनल एक्झिट लागली होती. महिन्याभरात कायमचा घरी. घरी म्हणजे रापण ओढणाऱ्या वडिलांकडे आणि एका होडीच्या मालकाकडे, जो त्याचा धाकटा भाऊ. या माणसाचं बालपण समुद्रावर गेलं, नोकरी समुद्राच्या पाण्यावर झाली, पण समुद्राच्या आत त्याने कधी पाहिलं नव्हतं. जाण्याआधी पाहायचं म्हणून त्याने फेब्रुवारीत रीतसर कोर्स केला.

जेट्टीवर पहिला अर्धा तास कागदांचा. बोट सुटण्याआधी सीमा रक्षकांकडे सगळ्यांची नावं आणि इकामा द्यावा लागतो. तेव्हा इकामा घरी विसरू नका, नाहीतर डबे सांभाळणाऱ्यांत आणखी एकाची भर पडते.

बोट निघाली आणि पाऊण तासात पाण्याचा रंग बदलला. गडद निळ्यात मध्येच फिकट हिरवा पट्टा दिसतो, ती प्रवाळाची माथ्याची बाजू. पाणी इतकं नितळ का, याचं उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे. दोन हजार किलोमीटरहून लांब असलेल्या या समुद्राला बारमाही वाहणारी एकही नदी येऊन मिळत नाही. गाळ येणार कुठून? पाऊसही नावाला. उलट वर्षाला सुमारे दोन मीटर पाण्याची वाफ होऊन जाते आणि ती तूट बाब-अल-मंदेबच्या अरुंद तोंडातून हिंदी महासागर भरून काढतो. म्हणून इथे लिटरमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास मीठ, बाकी महासागरांत पस्तीस. तरंगायला सोपं, बुडायला अवघड. आमच्या कमरेला शिशाची वजनं बांधायची ती त्यासाठीच.

आता थोडं गणित, इंजिनिअर आहे म्हणून माफ करा. पाठीवरची टाकी १२ लिटरची, त्यात २०० बार दाबाने हवा भरलेली. म्हणजे साधारण २,४०० लिटर. माणूस शांतपणे मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असं धरलं तर दोन तास. पण दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. अठरा मीटरवर तो २.८ पट होतो, प्रत्येक श्वासाला तितकीच जास्त हवा लागते आणि दोन तासांची चाळीस-एक मिनिटं होतात. त्यातलीही शेवटची पन्नास बार हवा राखीव. जो घाबरून भराभर श्वास घेतो त्याची डाइव्ह वीस मिनिटांत संपते. डाइव्हिंगमधलं पहिलं कौशल्य म्हणजे काहीही घाई न करणं. हे आपल्या लग्न ठरवणाऱ्या मंडळींनाही लागू पडेल, असो.

खाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा वर केला की आपल्याकडे 'झकास'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. कोर्समध्ये आमच्या मालवणी मित्राने एक सुंदर मासा पाहून आनंदाने अंगठा दाखवला होता आणि शिक्षकाने त्याला तत्काळ पृष्ठभागावर आणून सोडलं होतं. 

उतरायच्या आधीच आमचा एक गडी कमी झाला. चार मीटरवर वहिनी थांबल्या, कानाकडे बोट दाखवून तळहात हलवला. सर्दी होती, कानातला दाब सुटत नव्हता. नाक दाबून हळूच फुंकर मारतात तसं करून पाहिलं, एक मीटर वर जाऊन पुन्हा पाहिलं, नाही जमलं. त्या सरळ वर गेल्या. कोणाला वाईट वाटेल म्हणून कान दुखत असताना खाली जायचं नसतं, पडदा फाटतो. डॉक्टर असल्यामुळे त्यांना हे सांगावं लागलं नाही. त्यांचं पुढे काय झालं ते सांगतोच.

पहिली डाइव्ह बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर होती. काय दिसलं ते शब्दांत सांगणं कठीण म्हणतात, पण मग मी इथे कशाला आलोय? सांगतो. कल्पना करा की तुम्ही सिंहगडाच्या कड्याच्या टोकावरून अलगद पुढे पाऊल टाकलंत आणि पडला नाहीत. कड्याला समांतर, हवेत तरंगत तुम्ही खाली चाललाय. आणि तो कडा दगडाचा दिसत असला तरी त्याच्या प्रत्येक इंचावर कोणीतरी राहतंय. मेंदूसारख्या वळ्या असलेले गोळे, सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या, बशीसारखे थर, पंख्यासारखी जाळी. हे सगळे प्राणी आहेत, झाडं नाहीत. मोहरीएवढ्या प्राण्यांच्या वसाहती, आणि त्यांनी बांधलेलं चुन्याचं घर. गोल गोळ्यासारखं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढतं. आमच्या समोर एक गोळा रिक्षाएवढा होता. हिशेब तुम्हीच करा.

आपण ज्याला पोवळं म्हणतो, मंगळासाठी अंगठीत घालतो, ते यातलं नव्हे बरं का. ते लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, वेगळ्या जातीचं. इथलं प्रवाळ तोडून नेलं तर हातात पांढरा चुना उरतो. आणि भारतात ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, तेव्हा बॅगेत घालून मुंबईच्या कस्टमसमोर उभं राहू नका.

पाच-दहा मीटरच्या खाली लाल रंग दिसेनासा होतो, कारण पाणी आधी लाल प्रकाश शोषून घेतं. माझ्या मित्राचे लाल फिन्स पंधरा मीटरवर काळपट चॉकलेटी झाले होते. टॉर्च मारला की एकदम सगळा रंग परत येतो, दिवे गेल्यावर इन्व्हर्टर लागावा तसा. आणि आवाज! समुद्र शांत असतो हा निव्वळ गैरसमज. सतत कुरकुर कुरकुर, शेजारच्या खोलीत कोणी चकल्या खातंय असा. त्यात पोपटमासेही असतात. चोचीसारख्या दातांनी खडक खरवडून त्यावरचं शेवाळ खातात, चुना दळतात आणि मागच्या बाजूने बारीक पांढरी वाळू सोडतात. मुलांनो, ज्या पांढऱ्या वाळूत तुम्ही किल्ले करता, तिचा बराचसा भाग पोपटमाशांची शी आहे. (हशा.) हे मी मुद्दाम मिसळीच्या आधी सांगतोय.

नेमोही भेटला. इथला नेमो सिनेमातल्यापेक्षा वेगळा, अंगावर दोनच पांढरे पट्टे. समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या बोटांत तो बिनधास्त बसलेला असतो आणि आपण जवळ गेलो की अंगावर धावून येतो, बोटाएवढा जीव! त्यांच्या घरात सगळ्यात मोठी ती मादी. ती गेली तर नर मादी होतो. म्हणजे सिनेमा खरा असता तर आई गेल्यावर नेमोच्या वडिलांचं काय झालं असतं, ते मुलांना घरी गेल्यावर आईबाबा समजावतील.

तेवढ्यात माझा दंड कोणीतरी गच्च धरला. मालवणी मित्र. एका कपारीकडे बोट दाखवत, तोंडात रेग्युलेटर असताना काहीतरी ओरडत होता. बुडबुड्यांतून मला एवढंच कळलं, "हे-क-रू!" कपारीत जाड ओठांचा, ठिपक्यांचा एक मोठा मासा शांतपणे आमच्याकडे बघत होता. वर आल्यावर त्याने खुलासा केला. आयुष्यभर हेकरू टोपलीत पाहिला, बाजारात पाहिला, ताटात पाहिला. घरी बसलेला पहिल्यांदाच पाहिला. "दाराशी बसलेल्या आजोबांसारखो दिसता रे," म्हणाला. मग त्याने दिवसभर तोच उद्योग केला. हा तांबोशाच्या कुळातला, ही वागळी, हा आमच्याकडे नाही. त्याचा एकच प्रश्न राहिला, "मोरी खय?" शार्क आम्हाला एकही दिसला नाही. आमच्या संशोधक मुलीने सांगितलं की सौदी बाजूला शार्कची मासेमारी खूप झाली, आणि पलीकडे सुदानच्या बाजूला ते कितीतरी जास्त आहेत, असं त्यांच्या विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलंय.

माशांच्या नावांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १७६१ साली डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली. त्यात पीटर फोर्स्कोल नावाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता, लिनियसचा विद्यार्थी. १७६२ च्या शेवटी तो जेद्दात होता. त्याने मासे गोळा केले आणि नावं देताना अनेकदा इथले कोळी जे म्हणत तेच शास्त्रीय नावात ठेवलं: बोहार, हरक, सोहल, हरीद, घोब्बान. आजही जगातल्या कुठल्याही संग्रहालयात या माशांची शास्त्रीय नावं हीच. तो माशांची कातडी वहीत पानं दाबतात तशी कागदावर दाबून सुकवायचा, आणि त्यातली कितीतरी कोपनहेगनमध्ये अजून जपून ठेवली आहेत. फोर्स्कोल पुढच्याच वर्षी येमेनमध्ये मलेरियाने गेला. वय एकतीस. उरलेले लोक जहाजाने मुंबईला निघाले. वाटेत दोघे गेले, मुंबईत एक गेला. उरला एकटा कार्स्टन नीबूर. त्याने मुंबईत असताना घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेतली, चित्रं काढली, आणि घरी परतल्यावर १७७५ साली आपल्या मित्राचं माशांचं काम छापून काढलं. जेद्दाचे मासे आणि आपली घारापुरी एकाच माणसाच्या सामानातून युरोपात पोचली. मला ही गोष्ट फार आवडते. बोटीवर सांगितली तर मालवणी मित्र म्हणाला, त्याने मालवणला यायला हवं होतं, निम्मी नावं आमची लागली असती.

तर पहिली डाइव्ह अशी, डोळ्यांचं पारणं फेडणारी. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून, रक्तातला नायट्रोजन सुटायला वेळ देऊन, आम्ही वर आलो. वहिनी तोवर चष्मा आणि नळी लावून वरच पोहत होत्या. "काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं. आम्ही यादी वाचली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कासव पाहिलं. वीस मिनिटं बरोबर पोहत होते." आम्ही अठरा मीटर खाली, टाकी आणि शिसं बांधून, आणि कासव यांना वर भेटलं. प्रवाळाचा सगळ्यात उजेडाचा आणि रंगीत भाग पहिल्या चार-पाच मीटरमध्येच असतो. ज्यांना टाकीची भीती वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावं.

भाऊंनी डबे उघडले. थालीपीठ, लसणाची चटणी, दही. तांबड्या समुद्राच्या मध्यावर थालीपीठाला जी चव येते ती मी आणखी कुठेही घेतलेली नाही.

दुसरी डाइव्ह किनाऱ्याजवळच्या उथळ भिंतीवर. ही जागा संशोधक मुलीने मागून घेतली होती. "दोन्ही बघा आणि मग बोला," एवढंच ती म्हणाली.

उतरलो आणि आधी वाटलं पाणी गढूळ आहे. तसं नव्हतं. रंगच नव्हता. शिंगांसारख्या फांद्यांचं अख्खं रान, पण करड्या शेवाळाने माखलेलं, अर्धं मोडून खाली पडलेलं. होळीनंतरच्या सकाळी मैदान दिसतं तसं. मासे होते, थोडे. पोपटमासे चरत होते, पण ते चरणं वेगळं वाटत होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने पाटीवर पेन्सिलने लिहिलं: २०२३.

वर आल्यावर तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. प्रवाळाच्या अंगात अतिसूक्ष्म शेवाळ राहतं, भाडेकरूसारखं. उन्हात साखर तयार करतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. प्रवाळाचं नव्वद टक्क्यांपर्यंत पोट या भाड्यावर चालतं, आणि रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीपेक्षा तापलं की भाडेकरूचं यंत्र बिघडून विषारी द्रव्यं तयार होतात आणि मालक त्याला घराबाहेर काढतो. मग पारदर्शक अंगातून पांढरा सांगाडा दिसतो. याला ब्लीचिंग म्हणतात. या क्षणी प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. काही आठवड्यांत पाणी निवलं तर भाडेकरू परत येतो. नाही निवलं तर संपलं, आणि त्यावर शेवाळ चढतं.

किती तापलं की हे होतं? हे ऐकून माझ्यातला सर्व्हर रूमवाला जागा झाला. तिथल्या नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा फक्त एक अंश. आणि एका दिवसाच्या उसळीवर अलार्म वाजत नाही. जितके अंश जास्त गुणिले जितके आठवडे, असा हिशेब अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहांवरून ठेवते. बेरीज चारच्या वर गेली की ब्लीचिंग, आठच्या वर गेली की मोठ्या प्रमाणावर मृत्यूची शक्यता. आमच्या सर्व्हर रूममध्येही एसी पाच मिनिटं बंद पडल्याने काही होत नाही, सुट्टीच्या दिवसात सलग बंद राहिला तर होतं. फरक एवढाच की समुद्राला दुसरा एसी लावता येत नाही.

गंमत म्हणजे इथलं प्रवाळ मूळचं चिवट. थुवालला उन्हाळ्यात पाणी एकतीस-बत्तीस अंशांवर जातं, जगात इतरत्र बऱ्याच ठिकाणी एवढ्यात प्रवाळ आटोपतं. त्यामुळे वर्षानुवर्षं असा समज होता की तांबड्या समुद्राला काही होत नाही. पण चिवट माणसालाही स्वतःची मर्यादा असते. थुवालसमोर २०१० मध्ये ब्लीचिंग झालं, २०१५ मध्ये झालं, २०२३ मध्ये झालं. किनाऱ्याजवळच्या भिंतींना मार जास्त बसला, बाहेरच्या बऱ्याच बचावल्या. एप्रिल २०२४ मध्ये तर नोआने जाहीरच केलं की जगभर चौथं मोठं ब्लीचिंग चालू आहे. उत्तरेला, अकाबाच्या आखाताच्या बाजूचं प्रवाळ उष्णतेला जास्त दाद देत नाही, म्हणून शास्त्रज्ञांचे डोळे तिकडे लागलेत. थुवालच्या विद्यापीठाने निओमच्या किनाऱ्यावर प्रवाळांची रोपवाटिका उभारली आहे, सुरुवातीची क्षमता वर्षाला ४०,००० रोपांची, आणि शूशा बेटापाशी लागवड चालली आहे. मला विचाराल तर हा बॅकअप आहे. बॅकअप हवाच, माझं पोट त्यावर चालतं. पण बॅकअप आहे म्हणून चालू यंत्रणा पेटवून देत नाहीत. आणि 'सगळं संपलं' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. त्याच करड्या रानात, मोडक्या फांद्यांच्या मध्ये, मी वाटीएवढी नवी प्रवाळं मोजली. अकरा. जांभळी टोकं असलेली, ताजी. "बहुधा २०२३ नंतर रुजलेली," ती म्हणाली. पुढचा उन्हाळा कडक गेला तर ही आधी जातील, बरा गेला तर दहा वर्षांत इथे पुन्हा रान होईल. तिच्या आवाजात यातल्या कशाचीच खात्री नव्हती.

परतीच्या वाटेवर मालवणी मित्र गप्प होता. मला वाटलं, सौदी सुटतंय म्हणून. मग म्हणाला, "कॅप्टनाने नांगर खंय टाकलो ता बघितलंस?" मी बघितलं नव्हतं. त्याने बघितलं होतं, कारण तो होडीवाल्याचा मुलगा. कॅप्टनने नांगर टाकलाच नव्हता. खडकात पक्की बसवलेली दोरी, तिच्या टोकाला तरंगता बोया, त्याला बोट बांधली. दोन्ही ठिकाणी तसंच. "माझो भाऊस खडपारच नांगर टाकता," तो म्हणाला. "दिवसाक आठ फेरे."

मालवणच्या लोकांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला, शिवाजी महाराजांनी बांधलेल्या त्याच किल्ल्याच्या पायाशी, प्रवाळ आहे. १९८७ साली तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. मच्छीमारांनी विरोध केला, कारण त्यांना ते आपल्या पोटावर पाय वाटलं, आणि कोणी त्यांच्याशी नीट बोललंही नव्हतं. माझ्या मित्राचे वडील त्या विरोधकांत होते. घरात अभयारण्य हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा, पण खडपाखाली नक्की काय आहे हे घरातल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. आता तिथे पर्यटन आलंय. मालवण-तारकर्लीला दर हंगामात हजारो लोक पाण्यात उतरतात. भावाची होडी त्यावर चालते, घरावर स्लॅब त्यावर पडला. तिथलं पाणी इथल्यासारखं नितळ नाही, खाड्यांचा गाळ येतो, पावसाळ्यात चार महिने सगळं बंद. तसल्या गढूळ पाण्यात प्रवाळ तगून आहे हेच नवल. आणि त्यावर दिवसाला आठ वेळा लोखंडी नांगर, शिवाय फोटोसाठी वर उभे राहणारे पर्यटक. रिक्षाएवढा गोळा व्हायला किती वर्षं लागतात ते आपण मघाशी पाहिलं.

त्याने तिथेच, बोटीवरून, भावाला फोन लावला. मी एका बाजूचंच ऐकलं. बोया, साखळी, खडकात भोक, खर्च किती. मध्ये बराच वेळ ऐकून घेत होता. भावाचं म्हणणं असं की मी एकट्याने बोया लावला तर दुसरे चार जण त्यालाच बांधतील आणि खर्च माझा. मुद्दा बिनतोड आहे. मित्र म्हणाला, मी येतंय, मग बघू. फोन ठेवण्याआधी वडील लाइनवर आले. त्यांनी एकच विचारलं, "मोरी गावली काय?"

तो मे महिन्यात गेला. पावसाआधी त्याने तारकर्लीला दोन डाइव्ह केल्या. दोन मीटर दिसत होतं म्हणे, पण हेकरू दिसला. बोयाचं अजून जमलेलं नाही. वाडीतल्या बारा होड्यांपैकी पाच जण वर्गणी द्यायला तयार झालेत, बाकीचे म्हणतात सरकारने लावावा. या हंगामात काय होतं ते तो कळवणार आहे.

आता व्यवहाराचं. ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. पोहता येत नसेल तर आधी ते शिका, थंडीच्या दिवसांत पाणी आल्हाददायक असतं. दहा वर्षांवरच्या मुलांना कोर्स करता येतो, पण घाई नको, चष्मा आणि नळीने सुरुवात करा. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि त्यासाठी वहिनी इथेच बसल्या आहेत. डाइव्हनंतर किमान अठरा तास विमान नाही, तेव्हा सुट्टीवर निघायच्या आदल्या दिवशी हा उद्योग करू नका. हातमोजे घालू नका, म्हणजे हात आपोआप कशाला लावावेसे वाटत नाहीत. आणि बोट ठरवताना कॅप्टनला भाव विचारायच्या आधी विचारा, बांधतोस कशाला?

संशोधक मुलगी पुढच्या महिन्यात शनिवारी मुलांसाठी किनाऱ्यावरच एक सकाळ द्यायला तयार आहे. वीस मुलांची मर्यादा आहे, नावं माझ्याकडे द्या. इथले मासे ओळखायचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड मी आता फिरवतो. अरबी आणि शास्त्रीय नावं छापलेली आहेत, मालवणी नावं मित्राने जाण्याआधी बॉलपेनने लिहून दिली आहेत. चार जागा त्याने रिकाम्या सोडल्यात, कोणाला माहीत असतील तर भरा. कार्ड वहिनींचं आहे, तेव्हा कृपया मिसळीचे हात लावण्याआधी परत करा.